आल्या-गेल्या करंटचा हिशेब : खानापूर भागातल्या एका घराचं प्रकरण

गुरुवारी संध्याकाळी सातला वहिनीचा फोन आला, तो फ्रिजबद्दल नव्हताच.

"वन्सं, मामंजींना बांगडा बाधला बघा. तोंड, मान सगळं लालभडक. डोकं ठणकालंय म्हणतात. डॉक्टर म्हणाले ॲलर्जी, गोळी दिली. आता उतरलंय थोडं."

"मामा सत्तर वर्षं बांगडा खातोय. आत्ता कुठली ॲलर्जी?"

"तेच की! म्हणून तुम्हाला फोन केला."

मी बेळगावात गृहविज्ञान शिकवते. त्यामुळे घराण्यात कुणाचं पोट बिघडलं की मला फोन येतो, आणि मी तेच कंटाळवाणे प्रश्न विचारते. मासे कधी घेतले? बुधवारी सकाळी, स्कूटरवरून विकायला येतो त्याच्याकडून. कुठे ठेवले? फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, हळद-मीठ-कोकम लावून. कधी केले? आज दुपारी. मग जरा थांबून ती म्हणाली, "पण करंट नव्हता ना काल रात्री."

"काल रात्रीपासून आत्तापर्यंत?"

"नाही हो, मधे आलता की. दोनदा."

या प्रकरणातली सगळी गोची या 'दोनदा'मध्ये आहे. मी तिला एवढंच सांगितलं की दोन्ही झाकणं उघडू नका, आतलं काही खाऊ नका, उद्या मी येते. उघडू नका सांगायला तसा उशीरच झाला होता.

खानापूर तालुक्यातलं हे माझं आजोळ. गावाचं नाव सांगत नाही, जंगलाच्या कडेला आहे एवढं पुरे. घराच्या पुढच्या सोप्यात किराणा दुकान. दुकानात वरून झाकण उघडायचा डीप फ्रीझर, त्यात आईस्क्रीमचे कप आणि दुधाच्या पिशव्या. स्वयंपाकघरात एका दाराचा जुना फ्रिज. माणसं सात: मामा (मधुमेह, दोन वेळा इन्सुलिन), मामी, मामेभाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली मामेबहीण, सातवा महिना. हे सगळं सांगतेय कारण 'हे खाल्लं तर चालेल का' याचं उत्तर पदार्थाइतकंच खाणाऱ्यावरही असतं.

मंगळवारी गावची यात्रा झाली होती. यात्रा म्हणजे पावणे, पावणे म्हणजे मटण, आणि कितीही पावणे आले तरी मटण उरतंच. चारेक किलो कच्चं मटण एकेक किलोच्या पिशव्यांत डीप फ्रीझरला गेलं, मोठं पातेलंभर रस्सा आणि भात फ्रिजमध्ये कोंबला. मे महिना, घरात दुपारी तेहतीस-चौतीस अंश. बुधवारी संध्याकाळी वळीव आला आणि गावाबाहेर तारांवर झाड पडलं.

करंट नक्की कधी गेला, यावर शुक्रवारी सकाळी घरात चार मतं होती. मामी म्हणाली दिवेलागणीला. मामेभाऊ म्हणाला आठ तरी वाजले असतील. शेवटी थोरल्या पोराच्या मोबाइलवर त्यानं मित्राला धाडलेला मेसेज सापडला, 'करंट गेला, चार्जिंग संपतंय'. वेळ ६.५२. तिथून आम्ही हिशेब मांडला. गुरुवारी पहाटे साडेपाच ते सात-दहा करंट आला, पण दिवे मिणमिणते. गुरुवारी दुपारी एक ते साडेतीन नीट आला. मग परत गेला तो शुक्रवारी सकाळी नऊला आला. मी अकराला पोचले.

घरच्यांच्या डोक्यातला हिशेब वेगळा होता. त्यांच्या लेखी 'काल दुपारी आलता, रात्रीचा काय तो नव्हता'. म्हणजे प्रत्येक वेळी करंट आला की पाटी कोरी. पण फ्रिजमधलं अन्न असं मोजत नाही. रस्सा बारा तास कोमट राहिला आणि मग अडीच तास गार वारा लागला, तर त्या बारा तासांत वाढलेले जंतू कुठे जात नाहीत. गारव्यानं त्यांची वाढ मंदावते, ते मरत नाहीत. करंट परत गेला की तिथूनच पुढे. मोजायचा काळ करंट नसण्याचा नसून अन्न चार अंशांच्या वर असण्याचा आहे.

आणि पहाटेचा तो करंट तर करंटच नव्हता. व्होल्टेज इतकं उतरलेलं की स्वयंपाकघरातल्या स्टॅबिलायझरनं फ्रिजचा पुरवठा तोडलेला. त्यावरचा लाल दिवा वहिनीनं पाहिला होता आणि 'चालू आहे' असा त्याचा अर्थ लावला होता. दुकानातल्या फ्रीझरला स्टॅबिलायझर नाही. तिथं नुसती घरघर, मग टक्, पुन्हा थोड्या वेळानं घरघर. कॉम्प्रेसर सुरू व्हायला बघत होता आणि तापून पडत होता. पोराला आवाज आठवत होता. त्यामुळे ते पावणेदोन तास आम्ही हिशेबातून काढले. पहिला खंड सहा-बावन्नपासून दुपारी एकपर्यंत, अठरा तास. दुसरा साडेतीनपासून नऊपर्यंत, साडेसतरा तास.

वीज गेल्यावर किती वेळ धरायचा याचे अमेरिकेच्या शेती खात्याचे आकडे सगळीकडे फिरतात: दार न उघडता फ्रिज ४ तास, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. आकडे बरोबर आहेत, पण ते कुठल्या यंत्राचे हे कुणी विचारत नाही. आपल्या एका दाराच्या फ्रिजमध्ये वर जो बर्फाचा कप्पा असतो, तो काही फ्रीझर नव्हे. पत्र्याची, पातळ दाराची डबी ती, फ्रिजच्याच पोटात बसवलेली. खालचा फ्रिज तापला की तीही तापते. तिला २४ तास लावणं म्हणजे स्वतःची फसवणूक. बांगडा त्याच कप्प्यात होता.

दुकानातला फ्रीझर मात्र खरा फ्रीझर. झाकण वरून, त्यामुळे गार हवा जड होऊन आतच बसते. आणि आत गोठलेला माल जितका जास्त तितका तो टिकतो. एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यावरून ८० अंशांवर जाईल. मटणात, दुधात बहुतेक पाणीच असतं, म्हणून गोठलेली प्रत्येक पिशवी शेजारच्या पिशवीला सांभाळत असते. रिकामी जागा कुणालाच सांभाळत नाही. हा फ्रीझर दोन-तृतीयांश भरलेला होता. शहाण्यासारखं झाकण बंद ठेवलं असतं तर बराच माल वाचला असता.

पण गुरुवारी सकाळी कप मऊ व्हायला लागलेले पाहून वहिनीनं ते निम्म्या भावात काढले. गावातली पोरं यात्रेच्या सुट्टीवर, झाकण दिवसभर वर-खाली. मी त्यावर चिडले, आणि तिलाही ते लागलं. तिची बाजू खोटी नव्हती. पैसे तिचे अडकलेले. वीज कधी येणार याचे मेसेज येतात ते कन्नडमध्ये, आणि तिचं माहेर चंदगडचं. सरहद्दीपलीकडून आलेल्या सुनेला इतक्या वर्षांत बोलण्यापुरतं कन्नड येतं, वाचता येत नाही. नवऱ्याचा फोन बंद. अंधारात निर्णय घ्यावा लागला तिला, अगदी शब्दशः.

शुक्रवारी मी फ्रीझर उघडला तेव्हा वरवर सगळं झकास. पिशव्या कडक, कपांवर दव. मामेभाऊ म्हणाला, "बघ, सगळं दगड झालंय. उगंच आलीस." करंट येऊन दोन तास झाले होते ना! वितळून पुन्हा गोठलेला माल असाच प्रामाणिक चेहऱ्यानं पडून असतो. खूण शोधावी लागते. एका आईस्क्रीमच्या कपाचं झाकण काढलं. आईस्क्रीम कडांपासून सुटून खाली बसलेलं, वर पाण्याचा काचेसारखा थर, त्याखाली खरखरीत खडे. तो कप एकदा पातळ झाला होता, यात शंका नाही. वरच्या दोन मटणाच्या पिशव्यांत तळाला रक्ताच्या पाण्याचा सपाट पातळ पत्रा गोठलेला, पिशवी ज्या कुशीवर पडली होती त्या आकाराचा. गोठलेल्या मटणातून रक्त गळत नाही. ते गळलं, साचलं आणि मग गोठलं. आतल्या भागात काडीचा थर्मामीटर खुपसला तर नऊ अंश. म्हणजे बाहेरून दगड, आत मऊ.

तळाच्या दोन पिशव्यांत असला पत्रा नव्हता. मधोमध थर्मामीटर शिरेना, सुरीनं भोक पाडून घातला तेव्हा उणे एक. हाताला बर्फाचे कण लागत होते. त्या ठेवल्या. आत बर्फाचे कण असले किंवा तापमान चार अंशांच्या आत असलं तर पुन्हा गोठवताही येतं, चव थोडी जाते इतकंच. पण करंटचा भरवसा नव्हता, म्हणून त्याच दुपारी कुकरला लावल्या. वरच्या दोन टाकल्या. कप सगळे टाकले. दूध फाटलेलंच होतं, त्यावर चर्चा झाली नाही.

खरी लढाई झाली ती रश्श्याच्या पातेल्यावर. मामी म्हणाली, गुरुवारी सकाळी मी तो खळखळून उकळलाय, उकळल्यावर काय राहतंय त्यात? पाहुण्यांना वाढलेला नाही, देवीच्या बकऱ्याचा आहे.

मामीला अडाणी म्हणण्याचं पाप मी करणार नाही. फ्रिज नसताना याच घरात यात्रेचा रस्सा दोन दिवस चालायचा, कारण तो सकाळ-संध्याकाळ चुलीवर चढायचा आणि खाली विस्तव धुमसत राहायचा. साठ अंशांच्या वर ठेवलेल्या अन्नात जंतू वाढत नाहीत, ती पद्धत त्यावर उभी होती. इथं झालं ते निराळं. रात्रभर बंद फ्रिजमध्ये कोमट, सकाळी एक उकळी, मग तेच मोठं पातेलं झाकून परत बंद फ्रिजमध्ये. इतकं मोठं पातेलं मधून निवायला कित्येक तास घेतं. मटणाच्या रश्श्यात पर्फ्रिंजेन्स नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळीतूनही वाचतात आणि पंचेचाळीस अंशांच्या आसपास तो भराभर वाढतो, म्हणजे नेमका निवत जाणाऱ्या पातेल्यात. शिवाय हाताळणाऱ्याच्या हातावरून येणारा स्टॅफिलोकोकस अन्नात जे विष सोडतो, ते उकळून जात नाही. जंतू मरतो, विष तसंच राहतं. भाताचंही तेच. शिजलेल्या भातात सिरियस नावाचा जिवाणू जे उलट्या करवणारं विष तयार करतो, ते कुकरच्या शिट्ट्यांनाही दाद देत नाही.

मामीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं. पण उकिरड्यावर नाही टाकायचं." त्यावर मी कशाला वाद घालू? परसात नारळाखाली खड्डा खणला, रस्सा, भात, मटण त्यात घातलं, वर चुना, माती आणि कुत्र्यांसाठी दोन मोठे धोंडे. गाईला घालायची गोष्ट निघाली होती, तिला मात्र मी नाही म्हटलं.

बाकीच्या कप्प्यांचं पटापट झालं. ओल्या खोबऱ्याचं वाटण, आमरस, सोललेले फणसाचे गरे, भांड्याबाहेर आलेलं इडलीचं पीठ, सगळं गेलं. अख्खे आंबे, लोणचं, खर्डा, मसाले यांना फ्रिजची गरजच नव्हती. लोण्याचं तूप कढवलं. दह्यावर मात्र मी तक्त्याबाहेर गेले. त्या अमेरिकन तक्त्यात दहीही टाकायच्या रकान्यात आहे. आपलं विरजण रोज ओट्यावरच लागतं, आंबट दह्यात जंतूंना वाढणं अवघड असतं. मी म्हटलं, कढी करा, मोठ्यांनी खा. गरोदर बाईनं आणि मामानं खाऊ नये. याला कुणी शास्त्र म्हणणार नाही, घरातली तडजोड आहे ती.

मामेबहिणीचं नाव मी मुद्दाम वेगळं काढते. लिस्टेरिया हा जिवाणू गरोदरपणात बाळावर जातो, आणि तो चार अंशांच्या फ्रिजमध्येसुद्धा सावकाश वाढतो. कोमट फ्रिजमध्ये त्याला सण. तिला त्या आठवड्यात फ्रिजमधलं काहीच नको, ताजं आणि गरम तेवढंच, असं ठरलं. तिनं बांगडा खाल्ला नव्हता. वासच सहन होत नाही म्हणाली. कुणाच्या उपयोगाला काय येईल सांगता येत नाही.

आता बांगडा. मामानं तीन खाल्ले, मामेभावानं दोन, वहिनीनं एक. मामाला अर्ध्या तासात तोंड-मान लाल, आग आग, धडधड, डोकेदुखी, एकदा जुलाब. मामेभावाचं नुसतं डोकं जड. वहिनीला काही नाही. संध्याकाळपर्यंत मामा बरा. बांगडा, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा गार राहिला नाही की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ॲलर्जीत आपलं शरीर जे हिस्टामिन स्वतः सोडतं, तेच इथं ताटातून येतं. म्हणून लक्षणं सारखी, म्हणून ॲलर्जीची गोळी लागूही पडते, आणि म्हणूनच माणूस पुढे आयुष्यभर 'मला बांगडा चालत नाही' म्हणत राहतो. हिस्टामिन तळून जात नाही, गोठवूनही जात नाही. एका माशात भरपूर आणि शेजारच्यात थोडं, असंही असतं. वहिनी सुटली ती बहुधा त्यामुळे.

"वास नव्हता हो, वन्सं. मी दोनदा बघितलं," असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवते. हिस्टामिनला स्वतःचा वास नाही. कुजका वास देणारे जिवाणू निराळे असू शकतात, ते मागून येतात. त्यात वर हळद-मीठ-कोकम. नाकावर आपला भलताच विश्वास असतो.

मात्र दोष सगळा त्या कप्प्याचा, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. प्रयोगशाळेत काही तपासलं नाही, लक्षणं आणि वेळ जुळली एवढंच. किनाऱ्यावरून घाट चढून मे महिन्यात आलेला मासा, स्कूटरवरच्या डब्यात बर्फ किती होता कुणास ठाऊक. हिस्टामिन तिथंही झालेलं असू शकतं, आणि मग बिनकरंटाच्या कप्प्यानं त्यात भर घातली. उरलेले चार बांगडे खड्ड्यात गेले.

निघता निघता मामानं विचारलं, "माझ्या सुईचं काय?" मला तोवर आठवलंच नव्हतं. याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही. फ्रिजच्या दारात इन्सुलिनच्या तीन कुप्या असायच्या. एक चालू, दोन न उघडलेल्या. दार रिकामं होतं.

वहिनीचा चेहरा उतरला. बुधवारी रात्री, फ्रिज गरम होईल म्हणून, तिनं त्या नेऊन डीप फ्रीझरच्या तळाला मटणाच्या पिशव्यांमध्ये ठेवल्या होत्या. घरातली सगळ्यात महागडी वस्तू सगळ्यात गार जागी! गुरुवारी सकाळी चालू कुपी घट्ट झालेली मिळाली, तर तळहातात धरून पातळ केली आणि टोचली. शुक्रवारी मामाची साखर नेहमीपेक्षा बरीच वर होती. आजारपणही त्यात असेल. पण एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही, दिसायला ते पाण्यासारखं स्वच्छ असलं तरी. तिन्ही कुप्या टाकल्या. डॉक्टरांना फोन करून खानापुरातून नवीन आणल्या.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं हे खरं. पण करंट गेला म्हणून ते लगेच नासत नाही. चालू कुपी बहुतेक प्रकारांत साधारण २८ दिवस खोलीच्या तापमानाला, म्हणजे पंचवीस-तीस अंशांपर्यंत, चालते. नेमका आकडा खोक्यातल्या कागदावर असतो. तेव्हा हवी ती बर्फाची नाही, नुसती सावलीची थंडाई. आणि ती या घरात कोपऱ्यात उभीच होती. खानापूरची माती मडक्यांसाठी आणि कौलांसाठी नावाजलेली, कुंभारकाम शिकवणारी सरकारी संस्थाही तिथं आहे. मामीच्या माठातलं पाणी त्या दुपारी चोवीस अंश होतं, मी मोजलं. एक रिकामं मडकं घेतलं, बाहेरून ओलं फडकं गुंडाळलं, आत कोरड्या डबीत कुपी. पावसाळ्यात हवा दमट असली की मडकं इतकं गार होत नाही, पण पावसाळ्यात उकाडाही तेवढा नसतो.

मामेभावानं इन्व्हर्टरवर फ्रीझर चालवायची कल्पना काढली. त्याचा इन्व्हर्टर दिवे-पंख्यांपुरता. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो आणि असला इन्व्हर्टर तिथंच बसतो. त्याऐवजी फ्रीझरमधल्या मोकळ्या जागेत पाण्यानं पाऊण भरलेल्या बाटल्या ठेवल्या. फुकटची बॅटरीच ती. फ्रिजमध्ये एक साधा थर्मामीटर टांगला. फ्रीझरमध्ये वाटीभर पाणी गोठवून त्यावर रुपया ठेवला. पाणी वितळलं तर रुपया बुडतो, आणि मागाहून बर्फ कितीही कडक झाला तरी तो तळाशीच सापडतो. खालच्या फ्रिजबद्दल रुपया काही सांगत नाही, हे दोनदा बजावलं. दाराला दोरी बांधून पेन्सिल आणि वही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, बेळगावात धो धो पाऊस लागला होता, तेव्हा वहिनीचा मेसेज आला. मराठीतच, पण वहीतल्यासारखा: 'गेला ३.१०. आला ४.५० पण डिम, धरला नाही. नीट आला ५.३५. फ्रिज ७ अंश. दूध तापवून संपवलं. रुपया वरच. सुई मडक्यात.'

मी विचारलं, बांगडा?

'मामंजी खात नाहीत आता. ॲलर्जी आहे म्हणतात.'